मापुतोचा मासळी बाजार: भाव आधी, जेवण नंतर

बंदरातल्या क्रेनच्या कामासाठी मला अधूनमधून मापुतोला यावं लागतं. यजमान कंपनीचे लोक मोठे अगत्यशील, रोज संध्याकाळी चकचकीत हॉटेलात नेऊन चिकन आणि चिप्स पुढे ठेवतात. मालवणच्या माणसाने ते किती दिवस सोसायचं? मोकळी दुपार मिळाली की मी थेट मर्कादु दु पेइश गाठतो. अवेनिदा मार्जिनाल या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरचा हा मासळी बाजार. मोझांबिकच्या राजधानीत एकच जेवण नशिबात असेल तर ते इथे जेवा, पण डोळे उघडे ठेवून.

जायला रिक्षा बरी. इथे तिला चोपेला म्हणतात. मला मिळाली ती चक्क बजाजची होती, मीटर मात्र नाही, त्यामुळे भाडं बसायच्या आधीच ठरवायचं. वाटेत कार्ल मार्क्स, लेनिन, हो चि मिन्ह अशा नावांचे रस्ते लागतात. 1975 साली पोर्तुगीज गेले, स्वातंत्र्यलढा दिलेल्या फ्रेलिमो या डाव्या पक्षाचं राज्य आलं, तेव्हाच्या पाट्या आजही तशाच आहेत.

बाजाराची इमारत जपानच्या मदतीने बांधलेली आहे. ओटे धुतलेले असतात, बर्फाची कमतरता नाही. मांडलेला माल बघून आपल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल: कोळंबी, कुर्ल्या, माकूल, तिसऱ्यांसारखी शिंपली, गोबरा, तांबोशी आणि पैसे असतील तर शेवंड. पोर्तुगीज येत नसलं तरी अडत नाही. मी एका गोबऱ्याचा कल्ला उचलून आत बघितलं. मासेवाली एक शब्द बोलली नाही. तो मासा तिने बाजूला सारला आणि बर्फाखालून दुसरा काढून माझ्यापुढे धरला. कल्ले लालभडक, डोळा काचेसारखा. मग घासाघीस सुरू झाली आणि ती मात्र तिने मनापासून केली!

कोळंबीचा भाव किलोला 700 मेटिकल सांगितला, 550 ला सौदा झाला. एक मेटिकल म्हणजे साधारण सव्वा ते दीड रुपया, त्यामुळे फुकट नाही, पण एवढ्या मोठ्या टायगर कोळंबीला मुंबईत काय मोजावं लागतं ते आठवा. वजन करण्याआधी माल निथळून घ्यायला सांगा. पिशवीत पाणी ठेवून काटा दाखवणारे जगभर आहेत, इथेही आहेत. शनिवार-रविवारी दक्षिण आफ्रिकेच्या पाट्या लावलेल्या गाड्या येतात, त्या दिवशी भाव उतरायचं नाव घेत नाही.

मासे घेऊन बाहेर पडलात की खरी परीक्षा. शेजारीच रांगेने खानावळी आहेत, तुम्ही दिलेली मासळी त्या शिजवून देतात. प्रत्येकीचा माणूस मेन्यू घेऊन तुमच्या अंगावर येतो. कुणाच्याही हातात पिशवी देऊ नका. शिजवायची मजुरी किलोमागे किती, भात-चिप्स-सॅलड त्यात धरलंय की वेगळं, हे कागदावर लिहून घ्या. एका खानावळीत मी हे केलं नाही, तर बिलात सॅलडला माशाएवढा मान मिळाला होता.

आता चव. कोळंबी पाठीवर चिरून कोळशावर भाजतात, वर लसूण, लिंबू, तेल आणि पिरी-पिरी ही इथली झणझणीत मिरची. बस, एवढंच. तिरफळ नाही, आमसूल नाही, ओलं खोबरं नाही, आणि खाताना त्यातलं काहीही आठवत नाही. मधोमध किंचित कच्चट ठेवली तर गोडवा राहतो, म्हणून 'जास्त भाजू नका' हे खुणेने का होईना, सांगा. माकूल उत्तम जमतं. शिंपली मात्र दोनदा मागवली, दोन्ही वेळा रबर. भात बेचव, त्याच्या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी मातापा मागवा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसावाचा पाला उखळात कुटून, शेंगदाण्याचं कूट आणि नारळाचं दूध घालून रटरटत ठेवतात, आत कोळंबी किंवा कुर्ली. दिसायला आपल्या अळूच्या फदफद्यासारखं, अंगाने जड, चवीला थेट घरगुती. मी पावाबरोबर खाल्लं आणि ताटली पुसून घेतली. सोबत दोइश-एम ही इथली बिअर, थंडगार असेल तरच.

पावावरून सांगतो, हॉटेलातला नाश्ता सोडून एका सकाळी रस्त्यावरची बाजिया खा: चवळी भिजवून, वाटून तळलेली भजी, पावात भरून. वडापाववाल्यांनी हेवा करावा अशी. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालत होता, नंतरही गोवेकर आणि गुजराती इथे येत राहिले, त्यामुळे इथे समोसा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळाला तर नवल नाही.

बाजारात एकट्याने जाऊ नका, अर्धा किलो घेणाऱ्याकडे खानावळवाले फारसं बघत नाहीत. तिघे-चौघे असाल तर एक किलो कोळंबी, एक मध्यम गोबरा आणि मातापा पुरतो. आठवड्यातला मधला वार आणि दुपारी बाराच्या आसपासची वेळ धरा. अंधार पडल्यावर बसायचं असेल तर डासांचं मलम खिशात ठेवा, मापुतोत मलेरिया आहे. रोख पैसे न्या, सुट्टे न्या, आणि परतीच्या चोपेलाचं भाडंही आधीच ठरवा.