नवा डॅक घेण्याआधी त्याची पाठ बघा

समजा घरात एक जुना पण धडधाकट स्टिरिओ अँप्लिफायर आहे, दोन बुकशेल्फ स्पीकर, टीव्ही, लॅपटॉप आणि रात्री घर झोपल्यावर लावायचा हेडफोन. यात आता वेगळा डॅक, म्हणजे डिजिटल फाइलीचं अँप्लिफायरला कळणाऱ्या आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र, आणायचा विचार चालू आहे. चौकशी सुरू केली की फिरून फिरून चार नावं पुढे येतात: अॅपलचा यूएसबी-सी डोंगल (हेडफोन जोडायची छोटी वायर, जिच्यातच डॅक असतो), आयफाय झेन डॅक, टॉपिंग ई३० टू आणि फीओ के७. आपण घासाघीस करत बसतो ती आत कुठली चिप आहे यावर. माझ्या मते निर्णय लागतो तो मागच्या सॉकेटांवर आणि आवाज कमी-जास्त कुठून करायचा यावर.

आकड्यांचं आधी उरकून घेऊ. टॉपिंग ७६८ किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ७ लाख ६८ हजार नमुने) फाइल घेतो, फीओ ३८४ पर्यंत, डोंगल फक्त ४८. फरक केवढा मोठा वाटतो! पण सीडी १९८२ पासून १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर सुखाने चालली आहे, आणि माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पलीकडे जात नाही, तेवढ्यासाठी त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने पुरतात. चाळिशीनंतर तर तेवढाही नाही. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकडीवरून आलेल्या फाइलीतली खरखर फाइलीतच आहे, ती कुठलाही डॅक पुसणार नाही. एमक्यूए या फाइल आकसून पाठवायच्या पद्धतीच्या बिल्ल्यासाठी तर एक रुपयाही जास्त देऊ नका. ती कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये टायडल या गाण्यांच्या स्ट्रीमिंग सेवेनेही तो प्रकार बंद केला.

चिपवर जीव टाकणाऱ्यांसाठी एक आठवण. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि बऱ्याच डॅक कंपन्यांना ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपांकडे वळावं लागलं. टॉपिंगनेही पुढचा ई५० ईएसएसवर काढला. गाणं होतं तसंच राहिलं. आज टॉपिंग ई३० टू आणि फीओ के७ या दोघांतही एकेएमच्या ४४९३ कुळातल्याच चिपा आहेत, तरी दोन्ही यंत्रं पूर्णपणे वेगळ्या घरांसाठी आहेत.

आता डोंगल. हजार रुपयांच्या आसपासची ही शेपटी बघून हसू येतं, पण सीडीच्या दर्जाचं सगळं ती स्वच्छ वाजवते. लॅपटॉपला लावली, पुढे ३.५ एमएम ते आरसीए (अँप्लिफायरच्या मागची लाल-पांढरी सॉकेटं) वायर जोडली की अँप्लिफायर सुरू. अडचणी दोन. तिचा आउटपुट साधारण १ व्होल्ट, तर टेबलावरच्या डॅकचा २ व्होल्ट, म्हणजे ६ डेसिबलचा फरक. अँप्लिफायरचं बटण थोडं पुढे फिरवलं की तो भरून निघतो. पण दुकानात बटण न हलवता दोन्ही लागोपाठ ऐकवले, तर मोठा वाजणारा जिंकणारच. ‘पडदा उठल्यासारखं वाटलं’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी हे ६ डेसिबलच ऐकलेले असतात. दुसरी अडचण अँड्रॉइडची: बऱ्याच फोनवर हा डोंगल फार हळू वाजतो, आणि मग यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रोसारखं अॅप घ्यावं लागतं.

ज्यांचं सगळं ऐकणं लॅपटॉपवरून आहे त्यांनी माझं ऐकाल तर आधी डोंगल घ्यावा, महिनाभर वापरावा आणि काय कमी पडतं ते बघूनच पुढे जावं.

झेन डॅक दिसायला देखणा आहे, हेडफोनसाठीही बरा. पण त्याला इनपुट एकच, यूएसबी. ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेचं सॉकेट) नाही, त्यामुळे टीव्ही त्याला जोडायचा तर पंचाईत. आपल्या मांडणीतून तो इथेच बाद.

खरी लढत टॉपिंग आणि फीओची. दोघांनाही यूएसबी, ऑप्टिकल आणि कोएक्सियल आहे. ऑप्टिकलचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडे जुन्या घरांतल्या प्लगांना अर्थिंग नीट असेलच असं नाही. लॅपटॉप चार्जरवर असताना यूएसबीतून अँप्लिफायरमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो. ऑप्टिकलच्या तारेतून फक्त प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे टीव्ही तसा जोडला तर ती गुणगुण त्या वाटेने येत नाही.

टीव्ही जोडताना त्याच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा, न आकसलेला डिजिटल आवाज) करायला विसरू नका. डॉल्बीवर ठेवलंत तर हे दोन्ही डॅक गप्प बसतील नाहीतर फुसफुसतील. तेवढ्यावरून ‘पीस खराब आहे’ म्हणून परत पाठवायची घाई नको.

आणि मग रिमोट. कित्येक टीव्हींच्या ऑप्टिकल आउटपुटवर टीव्हीचा स्वतःचा व्हॉल्यूम चालतच नाही. जुन्या अँप्लिफायरला रिमोट नसेल, तर मालिकेत जाहिरात किंचाळली की दर वेळी कुणीतरी उठायचं. टॉपिंगसोबत रिमोट येतो. त्याला प्रीअँप मोडवर (म्हणजे आवाज डॅकवरूनच कमी-जास्त होईल असा) टाका, अँप्लिफायरचं बटण एका जागी ठेवून द्या आणि सोफ्यावरून आवाज सांभाळा. फीओला रिमोट नाही. त्याचं व्हॉल्यूमचं बटण हाताशी असावं लागतं, म्हणजे तो मुळात टेबलावर, लॅपटॉपशेजारी बसणारा प्राणी आहे.

हेडफोनच्या बाबतीत पारडं उलटं फिरतं. टॉपिंगला हेडफोनचं सॉकेटच नाही. के७ मात्र ३२ ओहमच्या हेडफोनला बॅलन्स्ड (जास्त ताकदीच्या) सॉकेटमधून २ वॉटपर्यंत ताकद देतो, जी घरात कुणाला पुरी लागेल असं वाटत नाही. ३०० ओहमचा हट्टी (जास्त ताकद मागणारा) हेडफोन असेल तर के७च घ्या, दुसरा विचार नको. कानात घालायचे नाजूक इअरफोन असतील तर गेन (आवाज वाढवण्याची पातळी) खाली ठेवा.

म्हणजे बैठकीच्या खोलीत टीव्ही आणि स्पीकर हेच मुख्य असतील तर टॉपिंग, आणि रात्रीच्या हेडफोनसाठी शेजारी तो डोंगल. दोन्ही मिळून बहुधा के७ पेक्षा स्वस्तच पडतील. अभ्यासाचं टेबल हेच ऐकण्याचं ठिकाण असेल तर के७.

अँप्लिफायरच्या जागी घरात एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा, स्वतःच डॅक असलेला अँप्लिफायर) असेल, तर मात्र यातलं काहीच लगेच मागवू नका. बरेच रिसीव्हर आरसीएतून आलेला आवाज आत घेतल्यावर पुन्हा डिजिटल करतात आणि स्वतःच्या डॅकमधून बाहेर काढतात. ‘प्युअर डायरेक्ट’सारखा (आवाज पुन्हा डिजिटल न करता थेट पुढे पाठवणारा) मोड नसेल, तर वीस हजारांच्या डॅकने केलेलं काम रिसीव्हर तिथल्या तिथे मोडून पुन्हा करतो. अशा वेळी टीव्हीची ऑप्टिकल वायर थेट रिसीव्हरलाच लावा.