हरणाऱ्या संघाचा प्रशिक्षक: दोन हंगामांचे परीक्षण

गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या ज्या महाविद्यालयात मी शिकलो आणि ज्याच्या फुटबॉल संघात तीन वर्षे डावा बचावपटू म्हणून खेळलो, त्या संघाने गेल्या दोन हंगामांत मिळून एकच सामना जिंकला आहे. मुख्य प्रशिक्षकांचा करार मे महिन्याअखेर संपतो. त्यांच्या मानधनाचा अर्धा वाटा आम्ही माजी विद्यार्थी उचलत असल्याने, करार वाढवावा की दुसरा माणूस शोधावा याविषयी आमचेही लेखी मत मागवण्यात आले आहे. त्यासाठी दोन्ही हंगामांतील बहुतेक सामने आणि जमतील तेवढे सराव मी मैदानावर उभे राहून पाहिले. महाविद्यालयाचे व प्रशिक्षकांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. माझे मत त्यांना ठेवावे असेच आहे, पण त्यांच्या कामात दोन दोष इतके उघड आहेत की ते सांगितल्याशिवाय शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आधी सेवा म्हणून आपल्याला काय मिळते ते पाहू. करारानुसार प्रत्यक्ष काम जुलै ते जानेवारीचे, आठवड्यातून पाच सकाळी, सव्वासहा ते पावणेआठ. प्रशिक्षकांकडे आशियाई फुटबॉल महासंघाचा ‘सी’ परवाना आहे, म्हणजे नवशिक्यांच्या ‘डी’ परवान्याच्या एक पायरी वर. कागदावर हे सात महिने दिसतात. प्रत्यक्षात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात जुलै आणि ऑगस्टचा निम्मा भाग मैदान पाण्याखाली असते, चवथीला मुले आठ दिवस माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे) सामान आणि आरत्या यांत बुडालेली असतात, आणि दिवाळीच्या तोंडावर सत्र परीक्षा उभी राहते. चांगल्या अवस्थेत, पूर्ण संघासह झालेले सराव मोजायला बसलो तर हाताची बोटे दोनतीनदा पुरतील, त्यापलीकडे जाणार नाहीत. संघातले जे दोघेतिघे खरोखर चांगले आहेत ते गोवा प्रोफेशनल लीगमधील क्लबांकडून खेळतात, आणि क्लबचा सामना असला की महाविद्यालयाचा सराव आपोआप दुय्यम होतो. त्यात त्यांचा दोष नाही, कारण पुढची वाट तिकडूनच जाते.

असे असताना त्या मोजक्या सकाळी होते काय, हा प्रश्न मला गुणफलकापेक्षा महत्त्वाचा वाटतो. डिसेंबरातील एका सरावाला मी वेळेवर पोहोचलो तेव्हा खुणेचे चार कोन (शंकू) मांडलेले होते आणि चौकोनाच्या मधोमध, पेडण्याकडून पहिल्या कदंब बसने येणारा दुसऱ्या वर्षाचा एक मध्यरक्षक उभा होता. पास येताना तो छाती सरळ चेंडूकडे करून उभा राही, जवळच्या पायाने चेंडू थांबवी, मग मान वळवून पाठीमागे कोण आहे ते पाही, आणि तोवर चेंडू दुसऱ्याने नेलेला असे. तिसऱ्यांदा असे झाल्यावर शिट्टी वाजली. प्रशिक्षक जवळ गेले, त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला पाव वर्तुळ फिरवले आणि विचारले, “आता काय दिसते?” मुलगा म्हणाला, “दोन्ही गोल, सर.” “आणि मघाशी?” मुलगा नुसता हसला. मैदानावर सगळे बोलणे कोंकणीत चालते, मी अर्थ तेवढा लिहिला. पुढची वीस मिनिटे त्यांनी दुसरे काही घेतले नाही: अर्धे वळून उभे राहायचे, चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा, दुसऱ्याच स्पर्शात पुढे द्यायचा. मी तीन वर्षे खेळलो, तालुक्याच्या स्पर्धांतही खेळलो, पण चेंडू येण्याआधी आपले शरीर कोणत्या दिशेला असावे हे मला कोणी एकदाही सांगितलेले नव्हते. जानेवारीत जो एकमेव सामना जिंकला, त्यातला गोल याच मुलाच्या पासवर झाला. त्याने चेंडू घेतला तेव्हाच तो प्रतिस्पर्ध्यांच्या गोलकडे वळलेला होता, त्यामुळे त्यांच्या बचावपटूला पुढे यायला अवधीच मिळाला नाही.

दुसरी गोष्ट सरावापूर्वीच्या व्यायामाची. फिफाच्या वैद्यकीय केंद्राने दुखापती टाळण्यासाठी तयार केलेला ‘११+’ नावाचा पंधरा व्यायामांचा क्रम आहे. त्याला सुमारे वीस मिनिटे लागतात. आधी सावकाश धावणे, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी पुन्हा वेगाने धावणे. हे प्रशिक्षक तो क्रम एकही दिवस चुकवत नाहीत, आणि मांडीच्या मागच्या स्नायूचा, गुडघ्यांवर बसून सावकाश पुढे झुकण्याचा जो व्यायाम मुलांना नकोसा वाटतो, तो घेताना स्वतः एकेकाचे घोटे धरून बसतात. आमच्या वेळी ‘दोन फेऱ्या मारा’ एवढेच असे, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत निम्मा संघ मांडीला पट्ट्या बांधून बाकावर असे. यंदाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत स्नायू दुखावून बाहेर बसलेला एकही खेळाडू मला दिसला नाही. पालकांच्या बैठकीत याचा उल्लेख कोणी केला नाही, कारण न झालेली दुखापत गुणफलकावर दिसत नाही.

आता दोषांकडे येतो. पहिला गोल-किकचा, म्हणजे आपल्या गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकचा. २०१९ मध्ये नियम बदलला आणि गोल-किक मारल्यावर चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाईपर्यंत थांबण्याची अट उरली नाही. चेंडू लाथाडला आणि हलला की तो खेळात आला, आणि सहकारी तो क्षेत्राच्या आतच घेऊ शकतो. प्रतिस्पर्ध्याने मात्र तोवर बाहेरच राहायचे असते. यामुळे मागून, छोट्या पासांनी चढाई रचणे सोपे झाले, आणि दूरचित्रवाणीवर युरोपातले संघ पाहणाऱ्या प्रत्येक तरुण प्रशिक्षकाला तो मोह पडला. आमच्या प्रशिक्षकांनाही पडला. हिरवळ सपाट असेल, गोलरक्षकाचा पाय चांगला असेल आणि दोन्ही मधले बचावपटू दबावाखाली न गडबडणारे असतील, तर ही पद्धत मला मान्य आहे. पहिल्या हंगामातल्या ऑगस्टच्या सामन्यात यांतले एकही नव्हते. लाल मातीचे मैदान, सकाळपासून पाऊस, आणि गोलक्षेत्राच्या डाव्या कोपऱ्यात एक डबके. अकराव्या मिनिटाला गोलरक्षकाने शेजारच्या बचावपटूला पास दिला, चेंडू डबक्यात रुतला, क्षेत्राच्या रेषेवर दबा धरून बसलेला प्रतिस्पर्ध्यांचा आघाडीपटू चार ढांगांत पोहोचला आणि रिकाम्या गोलमध्ये चेंडू ढकलून मोकळा झाला. चूक कोणाकडूनही होते, हे मी समजू शकतो. पण त्याच डबक्याशेजारी, त्याच पद्धतीने, मध्यंतरापूर्वी दुसरा गोल झाला, आणि तरीही बाजूरेषेवरून लांब किक मारण्याची सूचना आली नाही. सामन्यानंतर मी विचारले तेव्हा मुलांना सवय लागायला हवी, असे उत्तर मिळाले. सवय सरावात लावावी; चिखलात, सामन्याच्या वेळी, एकोणीस वर्षांच्या मुलाच्या नावावर दोन गोल लावून नव्हे. दुसऱ्या हंगामात हा हट्ट थोडा सैल झाला, पुरता सुटला नाही.

दुसरा दोष गोलरक्षकांच्या सरावाचा, म्हणजे तो नसण्याचा. बाकीचे सगळे चौकोनांत पास देत असताना दोन्ही गोलरक्षक एका बाजूला एकमेकांकडे चेंडू मारत बसतात. ज्या गोव्याने ब्रह्मानंद संखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाला दिला, ज्यांच्या नेतृत्वाखाली १९८३-८४ ची संतोष करंडक स्पर्धा गोव्याने एकही गोल न स्वीकारता जिंकली, तेथे महाविद्यालयाच्या गोलरक्षकाला कॉर्नरच्या वेळी कधी पुढे यायचे आणि कधी रेषेवर थांबायचे हे शिकवणारे कोणी नसावे, याची मला खंत वाटते. यंदा स्वीकारलेल्या गोलांपैकी बरेचसे कॉर्नर आणि फ्री-किकवरचे होते. प्रशिक्षक एकटेच आहेत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण आठवड्यातली एक सकाळ त्या दोघांसाठी राखणे एकट्यालाही अशक्य नव्हते.

बदलाच्या बाजूने बोलणारे व्यावसायिक क्लबांचे दाखले देतात, आणि दाखल्यांना गोव्यात तोटा नाही. ब्राझीलच्या झिको यांनी इंडियन सुपर लीगमधील एफसी गोवाला २०१५ मध्ये फातोर्डा मैदानावरच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले, पुढच्याच वर्षी संघ आठात आठवा आला आणि झिको गेले. त्याच क्लबचे नंतरचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना तर जानेवारी २०२० अखेरीस, संघ गुणतक्त्यात अव्वल असताना आणि साखळीतले तीनच सामने उरलेले असताना, दूर केले गेले. क्लिफर्ड मिरांडांनी हंगामी सूत्रे घेतली आणि साखळीतील पहिला क्रमांक क्लबनेच मिळवला. म्हणजे बदलून नुकसान होत नाही, असा युक्तिवाद. उलट बाजूला आर्मांदो कुलासो आहेत. त्यांनी दशकाहून अधिक काळ गोव्याचाच धेंपो क्लब सांभाळला आणि २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच राष्ट्रीय साखळी विजेतेपदे आणली. माझ्या मते या तिन्ही दाखल्यांचा आपल्याशी फारसा संबंध नाही, कारण क्लब प्रशिक्षक बदलतो तेव्हा हवे तर खेळाडूही बदलतो. महाविद्यालयाला जुलैमध्ये प्रवेश घेऊन जे येतील त्यांच्यावरच संघ उभा करावा लागतो.

आणि ते येणारे तीन वर्षांत जातात. २०२३-२४ पासून चार वर्षांची पदवी सुरू झाली असली, तरी तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा आहे आणि संघातले बहुतेक जण ती घेतील असे दिसते. दरवर्षी एक तृतीयांश संघ नवा, हे महाविद्यालयीन फुटबॉलचे हाडच आहे. त्यावर प्रशिक्षकही दरवर्षी नवा आणला, तर मुलगा शिकतो काय? हा आमचा अनुभव आहे, तर्क नव्हे. या प्रशिक्षकांच्या आधीच्या चार वर्षांत तीन माणसे येऊन गेली. पहिल्यांनी चेंडू लांब मारायला सांगितले, दुसऱ्यांनी तीन बचावपटूंची रचना आणली, तिसरे हंगामाच्या मध्यावरच दुसरीकडे रुजू झाले. त्या काळातला एक कर्णधार मला म्हणाला होता की, तीन वर्षांत त्याला तीन वेगवेगळ्या जागी खेळवले गेले आणि शेवटी आपण कुठल्या जागेचे खेळाडू, हे त्याला स्वतःलाच कळेना. आत्ता जी मुले दुसऱ्या वर्षात आहेत, ती आमच्याकडची बऱ्याच काळानंतरची पहिली तुकडी आहे जी सलग दोन वर्षे एकच गोष्ट शिकली. त्यांचे तिसरे वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर शिकवणारा बदलणे म्हणजे रोप लावून, पाणी घालून, फुटव्याच्या दिवसांत उपटून पाहण्यासारखे आहे.

माझा अमेरिकेतला भाचा ही चर्चा ऐकून हसला. तिकडच्या महाविद्यालयांचा फुटबॉल हा हातात चेंडू धरून खेळायचा वेगळाच खेळ आहे, आणि त्यात प्रशिक्षक काढणे हा कोट्यवधींचा व्यवहार असतो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना मुदतीआधी काढले, तेव्हा करारानुसार त्यांना सात कोटींहून अधिक डॉलर देणे विद्यापीठावर आले. आमच्या प्रशिक्षकांचे गेल्या हंगामाचे मानधन तीन हप्त्यांत पोहोचले आणि शेवटचा हप्ता मार्चमध्ये मिळाला. त्यांना काढायला काहीच खर्च येणार नाही, हे बैठकीत कोणी बोलून दाखवले नाही, पण निर्णय इतक्या सहज होऊ घातला आहे त्याचे ते एक कारण असावे अशी मला शंका आहे. ही दिरंगाई आमच्या माजी विद्यार्थी संघाकडूनही झाली, हे कबूल करतो.

म्हणून मी दिलेल्या मतात करार एका वर्षाने वाढवावा, मात्र त्यात दोन गोष्टी लेखी याव्यात असे म्हटले आहे. गोलरक्षकांसाठी आठवड्यातून एक सकाळ वेगळा प्रशिक्षक आणावा. त्याचा खर्च आम्ही देऊ, म्हापशातच जुने क्लब गोलरक्षक आहेत, त्यांपैकी कोणीही आनंदाने येईल. आणि पावसातल्या सामन्यांत गोल-किक कशी घ्यायची हे सामन्यापूर्वी, मैदानावर चालून, डबकी पाहून ठरवावे. दुसऱ्या अटीवर प्रशिक्षक नाराज झाले. आपल्या कामात हा हस्तक्षेप आहे असे ते म्हणाले, आणि एका अर्थी तो आहेही. तरी ती अट मी काढलेली नाही.

पाचपैकी साडेतीन गुण देतो. एक गुण गोलरक्षकांचा कापला, अर्धा त्या डबक्याचा. जुलैमध्ये तेच सव्वासहाला कोन मांडताना दिसले, तर दोन्ही परत देण्याची माझी तयारी आहे.