ट्रेसिंगमधून खर्चाचा माग: ओपनटेलिमेट्री आणि येगर, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगतो, ओपनटेलिमेट्री (एकेक रिक्वेस्ट कुठून कुठे गेली याची नोंद, म्हणजे ट्रेस, करणारं साधन) आणि येगर (ते ट्रेस स्क्रीनवर दाखवणारं) ही जोडी घ्यावी, नक्की घ्यावी. पण "कुठला कोड पैसे खातोय" हे ती आपणहून सांगेल या भरवशावर घेऊ नका. बसवल्यावर मिळतो तो वेळेचा हिशोब. खर्चाचा हिशोब आपल्याला त्यात भरावा लागतो, आणि माझ्या मते खरं काम तिथेच आहे.

आमचं काम म्हणजे मुंबई-ठाण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचं मेंटेनन्स बिलिंग. ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, सर्व्हर क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये, सगळा मामला जावा, त्याची स्प्रिंग बूट ही चौकट आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर. एक तारखेला बिलं निघतात, मग आठ-दहा दिवस पावत्या आणि तक्रारी. क्लाउडचा खर्च वाढत गेला तेव्हा सगळ्यांचं बोट एक तारखेच्या बिल-निर्मितीकडे होतं. मोठ्या सोसायट्यांना जास्त दर लावावा का, इथपर्यंत चर्चा गेली होती. त्याआधी नीट मोजून बघू, असं आम्ही ठरवलं.

बसवणं सोपं आहे. ओपनटेलिमेट्रीच्या जावा एजंटची (चालू प्रोग्रॅममध्ये आपणहून नोंदी घेणाऱ्या भागाची) जार फाइल सर्व्हिस सुरू करायच्या कमांडला जोडायची, कलेक्टरचा (नोंदी गोळा करून पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता द्यायचा, येगरचा स्क्रीन १६६८६ पोर्टवर उघडायचा. आपल्या कोडला हात न लावता एचटीटीपी रिक्वेस्ट, डेटाबेसच्या क्वेरी, बाहेरच्या सेवांना गेलेले कॉल असे सगळे स्पॅन, म्हणजे ट्रेसमधले वेळ मोजलेले टप्पे, एकाखाली एक दिसायला लागतात. एका सर्व्हिसमधून दुसरीत ट्रेसचा क्रमांक ट्रेसपेरंट नावाच्या हेडरमधून जातो. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये तो हेडर प्रमाणित केला, त्यामुळे आमची नोडवर लिहिलेली एसएमएसची सर्व्हिसही त्याच साखळीत विनासायास बसली.

येगरमध्ये सगळ्यात लांब पट्टी दिसली ती बिलाची पीडीएफ करणाऱ्या स्पॅनची. चारेक सेकंद. सगळ्यांना वाटलं, सापडला चोर. पण त्याच टप्प्यात थ्रेडने (प्रोग्रॅममध्ये ते काम चालवणाऱ्या धाग्याने) प्रत्यक्ष वापरलेला सीपीयू मोजला तर तो पाव सेकंदही भरेना. बाकी वेळ थ्रेड नुसता थांबलेला, आधी डेटाबेसचं कनेक्शन मिळेपर्यंत आणि मग तयार फाइल स्टोरेजवर चढेपर्यंत. कनेक्शनची वाट बघणं तर स्क्रीनवर दिसतही नव्हतं, दोन स्पॅनच्या मधे मोकळी जागा तेवढी होती. डेटाबेसची कनेक्शन तयार ठेवणाऱ्या हिकारीच्या पूलमध्ये काही न बदलता १० कनेक्शन असतात, आणि डेटासोर्सचं इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे कनेक्शन मागण्याची नोंद, एजंटमध्ये मुद्दाम चालू करावं लागतं. ते केल्यावर त्या मोकळ्या जागेला नाव मिळालं. थांबलेला थ्रेड माणसाचा वेळ खातो, सीपीयू नाही. माणसाचा वेळही महत्त्वाचा आहेच, पण प्रश्न क्लाउडच्या बिलाचा असेल तर पट्टीच्या लांबीवर जाऊ नका.

मग आम्ही एक छोटं रॅपर, म्हणजे टप्प्याभोवती गुंडाळायचा कोड, लिहिलं. कामाचा टप्पा सुरू होताना थ्रेडएमएक्सबीनकडून (थ्रेडचे आकडे देणाऱ्या जावाच्या सोयीकडून) त्या थ्रेडचा सीपीयू वेळ आणि त्याने आतापर्यंत घेतलेली मेमरी वाचायची, टप्पा संपताना पुन्हा वाचायची, फरक स्पॅनवर लिहायचा आणि मगच स्पॅन बंद करायचा. हा क्रम पाळा, कारण बंद झालेल्या स्पॅनवर काही लिहिता येत नाही. सुरुवात आणि शेवट एकाच थ्रेडवर हवा. काम एक्झिक्युटरकडे, म्हणजे दुसऱ्या थ्रेडवर चालवणाऱ्याकडे, दिलं तर एजंट ट्रेसचा संदर्भ पलीकडे पोचवतो, पण पलीकडच्या थ्रेडचा सीपीयू तिथेच मोजावा लागतो. शिवाय आतल्या टप्प्याचा खर्च बाहेरच्यातून वजा करून प्रत्येकाचा स्वतःचा आकडा वेगळा ठेवायचा, नाहीतर बेरीज करताना तेच रुपये दोनदा मोजले जातात. हे सगळं मोठ्या टप्प्यांपुरतंच ठेवा. लिनक्सवर थ्रेडचा सीपीयू वेळ विचारायला दर वेळी कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, जावं लागतं. लूपमधल्या बारीक फंक्शनला हे लावलं तर मोजण्याचाच खर्च हिशोबात शिरतो.

या आकड्यांनी जे दाखवलं ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं. मेंबरने ॲप उघडलं की वर थकबाकीचा एक आकडा दिसतो. तो आकडा काढायला मागचा कोड त्या फ्लॅटचं पूर्ण खातं, सोसायटी आमच्याकडे आल्यापासूनचं, ओळीओळीने मेमरीत आणायचा, व्याज पुन्हा पहिल्यापासून मोजायचा आणि शेवटची बाकी तेवढी ठेवून उरलेलं टाकून द्यायचा. एकेक रिक्वेस्ट झटकन व्हायची, म्हणून हळू रिक्वेस्टच्या यादीत ती कधी आलीच नाही. पण ॲप लोक दिवसभर उघडतात, पैसे भरले की पावती दिसते का ते बघायला पुन्हा पुन्हा उघडतात. महिन्याच्या बेरजेत सीपीयू आणि मेमरी या दोन्हींत हा टप्पा बिल-निर्मितीच्या कितीतरी वर निघाला. आता आम्ही महिनाअखेरची बाकी साठवून ठेवतो आणि त्यापुढच्याच नोंदी वाचतो. सर्व्हरचा आकार एक पायरी खाली आणला, आणि एक तारखेलाही तो पुरतो. मोठ्या सोसायट्यांच्या दराचा विषय तिथेच मिटला.

सगळ्यात सावध राहायची जागा म्हणजे सॅम्पलिंग, थोडेच ट्रेस निवडून ठेवणं. प्रत्येक ट्रेस साठवणं परवडत नाही. गूगलने डॅपर या आपल्या ट्रेसिंग प्रणालीवरचा पेपर २०१० मध्ये काढला, त्यात त्यांच्या पहिल्या आवृत्तीत सरासरी १,०२४ रिक्वेस्टमागे एक ट्रेस ठेवला जायचा असं लिहिलंय. ठरावीक प्रमाणात, यादृच्छिक पद्धतीने निवडलेत तर त्या पटीने गुणून बेरजेचा अंदाज येतो. पण कलेक्टरमध्ये टेल सॅम्पलिंग (ट्रेस पूर्ण झाल्यावर तो ठेवायचा का ते ठरवणं) लावून "हळू आणि चुकलेल्या रिक्वेस्ट सगळ्या ठेव, बाकीच्यातल्या थोड्याच" असा नियम केलात, की उरलेल्या ट्रेसवरून काढलेली बेरीज हळू रिक्वेस्टच्या बाजूला झुकते. आमचा थकबाकीचा टप्पा जलद होता आणि चुकत नव्हता. त्या नियमात त्याचे बहुतेक ट्रेस गळूनच गेले असते. म्हणून खर्चाचे आकडे सॅम्पलिंगच्या आधी, सर्व्हिसच्या आतच, टप्प्याच्या नावाने काउंटरमध्ये जमा करा आणि प्रोमिथियसला (असे आकडे साठवणाऱ्या प्रणालीला) द्या. ट्रेस नमुना म्हणून बघा, बेरीज काउंटरवरून घ्या. सोसायटीचा क्रमांक मात्र काउंटरचं लेबल करू नका, प्रत्येक क्रमांकामागे नवी मालिका तयार होते आणि प्रोमिथियसची मेमरी फुगते. तो स्पॅनवरच बरा.

वाद झाला तो सामाईक खर्चावर. नको झालेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर स्वतःच्या थ्रेडवर चालतो, चालता चालता कोड वेगवान करणारा जेआयटी कंपायलरही. त्यांचा सीपीयू कुठल्याच रिक्वेस्टच्या नावावर पडत नाही. हा प्रश्न जुना आहे. बर्कलेत ग्रॅहम, केसलर आणि मॅकक्युसिक यांनी १९८२ मध्ये जीप्रॉफ हा प्रोफाइलर (कुठल्या फंक्शनला किती वेळ लागला ते मोजणारं साधन) मांडला. त्यात एखाद्या फंक्शनचा वेळ त्याला बोलावणाऱ्यांत कॉलच्या संख्येनुसार वाटला जातो, प्रत्येक कॉल सारख्याच खर्चाचा धरून. सोसायटीच्या आदर्श उपविधींत पाण्याचा खर्च असाच वाटतात, फ्लॅटमध्ये नळ किती आणि केवढे यावर. दोन म्हातारी माणसं राहतात तो फ्लॅट आणि सहा जणांचं बिऱ्हाड आहे तो फ्लॅट, नळ सारखे तर पैसे सारखे. वाटणीचा नियम म्हणून हे चालतं, पण पाणी कोण किती वापरतं ते त्यातून कळत नाही. आम्ही गार्बेज कलेक्टरचा खर्च ज्याने जितकी मेमरी घेतली त्या प्रमाणात वाटतो, पण त्याचा रकाना वेगळा ठेवतो, म्हणजे मोजलेलं काय आणि वाटलेलं काय हे दिसतं. शेवटी सगळी बेरीज पूर्ण प्रोसेसच्या सीपीयूशी ताडून बघतो आणि जे कुणाच्या नावावर बसत नाही त्याची एक ओळ खाली तशीच ठेवतो. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी तक्ता पाहून विचारलं, "ही शेवटची ओळ कुणाच्या खात्यात टाकायची?" मी म्हटलं, "मॅडम, कुणाच्याच नाही, तशीच राहू द्या." "म्हणजे सस्पेन्सला," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या ओळीचं नाव तेच आहे.

डेटाबेसचा खर्च अजून अर्धाच हातात आहे. आपल्या बाजूचा स्पॅन फक्त उत्तराची वाट किती बघितली ते सांगतो, सीपीयू जळतो तिकडच्या मशीनवर. पोस्टग्रेसचं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स प्रत्येक क्वेरीचा एकूण वेळ देतं, पण ती क्वेरी कुठल्या टप्प्याने पाठवली हे नाही. एकच क्वेरी दोन ठिकाणांहून जात असेल तर ती जुळवाजुळव आम्ही हाताने करतो.

बॅगेजबद्दल, म्हणजे ट्रेससोबत पुढे पाठवायच्या जादा माहितीबद्दल, एक इशारा. टप्प्याचं किंवा सोसायटीचं नाव पुढच्या सर्व्हिसपर्यंत न्यायला ते फार सोयीचं आहे, पण ते हेडरमधून जातं आणि एजंट ते बाहेरच्या कॉललाही जोडतो. पेमेंट गेटवे असो की एसएमएस पाठवणारी कंपनी, त्यांच्यापर्यंत ते पोचतं. मेंबरचं नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल यातलं काहीही त्यात घालू नका.

एकच सर्व्हिस असेल आणि कुठलं फंक्शन महाग पडतंय एवढंच हवं असेल तर एसिंक-प्रोफाइलर हा जावाचा प्रोफाइलर आणि त्याचा फ्लेम ग्राफ (कुठल्या फंक्शनमध्ये किती सीपीयू गेला याचं चित्र) पुरेसे आहेत, एवढा पसारा मांडायची गरज नाही. तेच फंक्शन पाच कामांतून बोलावलं जात असेल आणि कुठल्या कामासाठी किती पैसे गेले हे हवं असेल, तर मात्र हा रस्ता धरा. जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड (जावा स्वतः सांभाळते ते हलके थ्रेड) वापरणार असाल तर आधी विचार करा, त्यांच्यासाठी थ्रेडएमएक्सबीन सीपीयू वेळ देत नाही. आम्ही बिल-निर्मिती आणि खात्याचे टप्पे जुन्याच थ्रेड पूलवर ठेवलेत. पेमेंट गेटवेकडे व्यवहाराची स्थिती विचारत राहणारं काम, ज्यात जवळपास सगळा वेळ वाट बघण्यातच जातो, तेवढं व्हर्च्युअल थ्रेडवर हलवलंय.