आरमारातला पूर्वज शोधताना: आधी पुण्याचं दप्तर की नाशिकची वही?

आमच्या घरी गणपतीला सगळे जमले की एक वाक्य हमखास निघतं: "आपले मूळपुरुष विजयदुर्गास धुळपांच्या आरमारात होते, गुराबेवरचे अंमलदार." वडिलांनी ते आजोबांकडून ऐकलं, आजोबांनी त्यांच्या आजीकडून. गुराब (मोठं लढाऊ जहाज) कुठली, हुद्दा कोणता, साल कोणतं, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. मी त्यामागे तीन-साडेतीन वर्षं फिरलो. आता नात्यातली आणि ओळखीची किनारपट्टीची मंडळी विचारतात, की सुरुवात कुठून करू? पुण्याच्या पेशवे दप्तरापासून, म्हणजे पेशवाईच्या सरकारी कागदांपासून, की नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वंशावळीच्या वह्यांपासून? दोन्ही वाटा मी चाललो आहे, तेव्हा जे दिसलं ते सांगतो.

त्याआधी काळाचा हिशेब मनाशी पक्का करा, पुष्कळ वणवण वाचते. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंगऱ्यांचा विजयदुर्ग पडला. पुढे तिथलं आरमार पेशव्यांच्या वतीने धुळपांकडे आलं आणि पेशवाईबरोबर, १८१८ च्या सुमारास संपलं. कुलाब्याच्या आंगऱ्यांचं संस्थान मात्र १८४० मध्ये खालसा झालं. म्हणजे घरातली आठवण 'आंगऱ्यांकडे' म्हणते की 'धुळपांकडे', यावर कागद बदलतात. आणि खापरपणजोबा १८८० साली इंग्रजांच्या आरमारात कमिशनवरचे अधिकारी होते असं कोणी सांगत असेल, तर ती आठवण पुन्हा तपासावी. तिथे हिंदी माणसाला पहिलं कमिशन मिळालं ते १९२८ साली. आपली माणसं त्या जहाजांवर होती, पण सारंग, तांडेल (खलाशांवरचे मुकादम), खलाशी म्हणून.

पेशवे दप्तराबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो राहील. एकट्या मोडीचे २७ हजारांवर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. १९३० नंतर सरदेसायांनी त्यातले वेचक कागद ४५ खंडांत छापले, पण ते निवडले राजकारणासाठी. तुमचा-माझा पूर्वज त्यांत सापडण्याची आशा फार धरू नये; तो असेल तर न छापलेल्या जमाखर्चात आणि हजिरीच्या याद्यांत. मी पाहिलेल्या आरमाराच्या कागदांत दोर, डांबर, शिडाचं कापड, सुतारांची मजुरी, शिध्याचे तांदूळ असं सगळं होतं. वाचता वाचता वाघोटनच्या खाडीतली गोदी डोळ्यांपुढे उभी राहते. पूर्वज काय करत होता, काय खात होता, पगार किती आणि तो किती महिने थकला, हे कळायचं असेल तर या दप्तराला तोड नाही.

मोडीचं भय सगळेच घालतात. माझं मत असं, की चार-सहा महिने रोज तासभर बसलं तर यादी वाचण्यापुरती मोडी येते. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी शिकवणारेही अधिक सापडतात. तारखांचंही तसंच. 'सलास समानीन मया व अलफ' वाचून पहिल्यांदा छाती दडपते, पण तो शुहूर सनाचा ११८३ हा आकडा आहे. हा सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो, म्हणून इसवी सन काढताना त्यानंतरच्या महिन्यांना ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं तो एप्रिल १७८३ याच सनात येतो. साहजिकच मी पहिल्यांदा त्या सनाचे कागद मागितले. विजयदुर्गाच्या परिसरातल्या कोणत्या घराला आपला माणूस त्या दिवशी तिथे असावा असं वाटत नाही?

मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. मला मिळालेल्या याद्यांत माणसाचं नाव होतं, हुद्दा होता, रक्कम होती. आडनाव नव्हतं, गाव नव्हतं आणि बहुतेक ठिकाणी बापाचं नावही नव्हतं. आमच्या पुरुषाचं नाव त्या काळी किनाऱ्यावर घरोघरी असणारं. एकाच सनात, दोन निरनिराळ्या जहाजांवर, त्याच नावाची दोन माणसं मला सापडली. एक गुराबेवरचा सरतांडेल (तांडेलांचा प्रमुख), दुसरा लहान गलबतावरचा तांडेल. घरातल्या वाक्यात 'गुराब' आणि 'अंमलदार' हे शब्द होते, म्हणून मी पहिल्याच्या मागे लागलो. आठ महिने त्याचे कागद गोळा केले. त्याला मिळालेली उचल, एका पावसाळ्यात घरी जायची परवानगी, एका तक्रारीत साक्षीदार म्हणून आलेलं नाव. रात्री जेवताना मी बायकोला त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं सांगत असे. मग एका कागदात त्याचं गाव आलं. ते खाडीच्या पलीकडचं, आमच्या भावकीचं एकही घर नसलेलं. तो दुसऱ्याच कोणाचा पूर्वज होता. त्या संध्याकाळी मी पुणे स्टेशनपर्यंत चालत गेलो, रिक्षा करावीशी वाटली नाही.

यात दप्तराचा दोष नाही. कारकुनाला पगार वाटायचा होता आणि समोर उभा असलेला माणूस त्याला चेहऱ्याने ठाऊक होता. पण अडचण उरतेच. दप्तरातली माणसं चाकरीप्रमाणे लावलेली आहेत आणि आपण घराणं शोधत असतो. हुद्दा मोठा असेल, धुळपांसारखं नाव असेल, तर ही अडचण येत नाही. मधल्या फळीतला माणूस असेल तर येते, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज मधल्या फळीतलेच.

नाशिकला मी शोधासाठी गेलोच नव्हतो. वडील गेले, अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो. विधी आटोपल्यावर गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला तो आडनावाचा नव्हता. "मूळ गाव?" मग आडनाव, मग कुलदैवत. त्यांच्याकडे आमचा गाव नव्हता; ज्यांच्याकडे होता त्या उपाध्यायांच्या घरी त्यांनी मुलाला बरोबर देऊन पाठवलं. तिथे कापडात बांधलेल्या लांबट वह्या काढल्या गेल्या. आजोबांची १९५६ सालची सही निघाली. तिच्यामागे पणजोबा, त्यांच्यामागे मोडीतल्या दोन पिढ्या, आणि मग एका जुन्या वहीत, शके १७११ (इ.स. १७८९), सौम्य नाम संवत्सर, सिंहस्थाचं वर्ष. आमच्या पुरुषाचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, दोन भाऊ, आई, बायको, एक मुलगा. 'वस्ती किल्ले विजयदुर्ग, चाकरी आरमार.' आणि खाली, थोडं वाकडं, दस्तुरखुद्द, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हातचं.

अर्धा तासही लागला नव्हता.

बापाचं नाव हाती घेऊन मी पुन्हा पुण्याला गेलो. नंतरच्या सनाच्या एका यादीत 'अमुक बिन तमुक' (तमुकचा मुलगा अमुक) अशी जोडी मिळाली आणि ती त्या लहान गलबतावरच्या तांडेलाची निघाली. म्हणजे गुराब नाही, सरतांडेलही नाही. मला त्यात कमी काही वाटलं नाही. गलबताचा तांडेल म्हणजे वारा, ओहोटी आणि वीस-पंचवीस माणसांचा जीव ज्याच्या शब्दावर, तो माणूस. घरच्या वाक्यात मी आता 'गलबतावरचे तांडेल' असं म्हणतो. काकांना अजून 'गुराब'च बरी वाटते.

वहीच्या बाजूने इतकं बोललो, तरी तिच्या उणिवाही पदरात घ्याव्या लागतात. चाकरीचा उल्लेख प्रत्येक नोंदीत नसतो. आमच्या नशिबाने होता. लढाई, जहाज, पगार यांतलं तिथे काही मिळणार नाही. घराण्यातलं कोणी त्या क्षेत्री गेलंच नसेल तर नोंद असणार नाही. मग पंढरपूर, गोकर्ण, काशी इथे विचारावं लागतं. उपाध्यायांच्या घरात वाटण्या झाल्या की वह्याही वाटल्या जातात, आणि नेमकी हवी ती चुलतभावाकडे असते. फोटो काढू देणं न देणं त्यांच्या मर्जीवर आहे, तिथे हट्ट धरू नये. आणि एक मोठी गोष्ट: मराठ्यांच्या आरमारात दौलतखानासारखे मुसलमान सरदार शिवकाळापासून होते, त्यांच्या हाताखाली कोकणी मुसलमान दर्यावर्दी होते. अशा घराण्यांना नाशिकच्या वहीचा उपयोग नाही. त्यांनी थेट दप्तराकडे वळावं, आणि गावातल्या इनामांचे कागद पाहावेत.

इनामावरून आठवलं. घरात सनद असेल, किंवा जमीन 'इनामाची होती' असं कोणी म्हणत असेल, तर माझा क्रम उलटा करायला हरकत नाही. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने हक्काची कसून चौकशी केली, तेव्हा दावेदारांनी कैफियतींबरोबर वंशावळी दिल्या. त्या मिळाल्या तर नाशिकची फेरीही कदाचित लागणार नाही. मात्र जमीन राखण्यासाठी दिलेली वंशावळ आहे हे लक्षात ठेवून ती वाचावी.

छापील कुलवृत्तांताबद्दल थोडक्यात सांगतो. तुमच्या घराण्याचा असेल तर नक्की पाहा. पण कोकणात ही परंपरा मुख्यतः ब्राह्मण घराण्यांत रुजली. भंडारी, गाबीत, कोळी, मराठा अशा दर्यावरच्या घराण्यांचे वृत्तांत मला फार थोडे दिसले. शिवाय त्यातली माहिती बरीचशी घरोघरी विचारूनच आलेली असते, म्हणजे गणपतीतलं आपलं वाक्यच छापून परत आपल्या हाती येतं.

तर कोणी अगदी निवडच करायला सांगितली, तर मी म्हणेन आधी नाशिक, मग पुणे. दोन्ही लागतीलच कदाचित. मला नाशिकच्या दोन फेऱ्या पडल्या आणि पुण्याच्या अठरा, त्यांतल्या निदान दहा मी बापाचं नाव आधी ठाऊक असतं तर केल्या नसत्या. ज्यांना मोडीची गोडी आहे, वेळ आहे, आणि एका माणसापेक्षा सगळ्या आरमाराचं जगणं समजून घ्यायचं आहे, त्यांनी खुशाल दप्तरात बसावं, दिवस वाया जाणार नाहीत. पण प्रश्न 'आमचा कोण' असा असेल, तर जिथे मूळ गाव आधी विचारतात तिथून निघावं.

जाताना चार पिढ्यांची नावं, मूळ गावाचं जुनं नाव आणि कुलदैवत कागदावर लिहून न्या. सिंहस्थाच्या गर्दीत जाऊ नका. साधा वार पाहा, सकाळचे विधी आटोपल्यावर दुपारी बसा. दक्षिणेची घासाघीस करू नका, दोनशे-अडीचशे वर्षं कोणीतरी त्या वह्या वाळवीपासून आणि पुराच्या पाण्यापासून जपल्या आहेत. आणि समोर आलेली नोंद एकाच हातची, एकाच शाईची, ओळीने नीट लिहिलेली दिसली, तर ती मागाहून उतरवलेली प्रत असण्याचा संभव आहे. आमच्या प्रतीत एक पिढी सुटली होती. तेव्हा नम्रपणे विचारा, की हिच्या आधीची जुनी वही आहे का.