दहावीचा निळ्या कव्हरचा भौतिक सराव संच : घ्या, पण उत्तरसूचीवर डोळे मिटून विसंबू नका

दिवाळीची सुट्टी संपली की साताऱ्यात राजपथावरच्या आणि पोवई नाक्याजवळच्या पुस्तकांच्या दुकानांत दहावीच्या सराव संचांचे गठ्ठे येऊन पडतात. त्यातला निळ्या कव्हरचा, स्पायरल बाइंडिंगचा एक संच सध्या बऱ्याच मुलांच्या दप्तरात दिसतो. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधली फक्त भौतिकशास्त्राची सहा प्रकरणं त्यात घेतली आहेत : गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि अवकाश मोहिमा. पानं ९६, किंमत १२० रुपये, शेवटी १४ पानांची उत्तरसूची आणि ४ सराव प्रश्नपत्रिका. संचातलं प्रत्येक उदाहरण सोडवून, उत्तर ताडून हे परीक्षण लिहिलं आहे.

प्रश्न निवडणाऱ्याला मुलं कुठे घसरतात ते नेमकं ठाऊक आहे. उत्तरसूची मात्र दुसऱ्याच कुणीतरी घाईत केलेली दिसते. काही ठिकाणी ती मुलांच्याच नेहमीच्या चुका करते, आणि सरावाच्या पुस्तकात ही साधी गोष्ट नाही. मुलानं बरोबर उत्तर काढलेलं असतं, सूचीत वेगळं दिसतं, आणि ते आपलं बरोबर उत्तर खोडून टाकतं.

संचातला सगळ्यात कसदार भाग उष्णतेचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. एक उदाहरण असं : ४० अंश सेल्सिअसच्या ५०० ग्रॅम पाण्यात ० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ टाकला, भांड्यानं घेतलेली उष्णता सोडून द्या, अंतिम तापमान किती? सूचीत २४ अंश छापलं आहे. खरं उत्तर २० अंश. चूक कुठे झाली ते पाहण्यासारखं आहे. १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी, म्हणून १०० ग्रॅमला १०० गुणिले ८०, म्हणजे ८००० कॅलरी लागतात. पाण्यानं तेवढ्याच दिल्या असं धरलं तर ५०० ग्रॅम पाणी १६ अंशांनी थंड होतं आणि २४ येतात. पण वितळलेला बर्फ म्हणजे आता ० अंशाचं १०० ग्रॅम पाणी आहे, आणि तेही अंतिम तापमानापर्यंत तापायचं आहे. ती पायरी सूचीत गळली आहे. अंतिम तापमान 'त' धरलं तर बरोबर मांडणी अशी होते : ८००० + १००त = ५००(४० − त). म्हणजे ६००त = १२०००, म्हणून त = २०. वाफेच्या उदाहरणांत हाच प्रकार उलट बाजूनं होतो. वाफेचं पाणी झाल्यावर ते पाणी १०० अंशांवरून खाली येतं आणि आणखी उष्णता देतं, हे मुलं विसरतात. संचात १०० अंशाची १० ग्रॅम वाफ २० अंशाच्या २०० ग्रॅम पाण्यात सोडली आहे. तिथे सूचीनं ही पायरी घेतली आहे आणि सुमारे ४९.५ अंश हे उत्तर बरोबर आहे. एकाच प्रकरणात एक उदाहरण बरोबर आणि त्याचंच भावंड चूक, म्हणून मूल अधिकच गोंधळतं.

याच प्रकरणातला दवबिंदूचा (ज्या तापमानाला हवा बाष्पानं संपृक्त होते त्याचा) प्रश्न मात्र मनापासून आवडला. ३० अंशाला १ घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३०.४ ग्रॅम बाष्प सामावते, २० अंशाला १७.३ ग्रॅम. हवेचं तापमान ३० आहे आणि बाष्प १७.३ ग्रॅम, तर सापेक्ष आर्द्रता किती, आणि दवबिंदू तापमान किती? आर्द्रता सुमारे ५७ टक्के येते, दवबिंदू २० अंश. दुसऱ्या भागाला आकडेमोडच लागत नाही, आकडे नीट वाचले की उत्तर समोर दिसतं. पण मुलं सूत्र शोधत बसतात. त्याला जोडून महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ थंडीत दव का गोठतं, हा प्रश्न दिला आहे. आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सूचीतलं उत्तर 'धुके गोठते' एवढंच आहे, आणि ते चूक आहे. रात्री आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तर गवत, गाड्यांचे टप आणि स्ट्रॉबेरीची पानं उष्णता बाहेर टाकत आजूबाजूच्या हवेपेक्षाही जास्त थंड होतात. त्यांच्या पृष्ठभागाचं तापमान शून्याखाली जातं, म्हणून हवेचा तापमापक ३-४ अंश दाखवत असतानाही तिथलं दव गोठतं. दोन गुणांच्या उत्तरात पृष्ठभागाचं तापमान आणि हवेचं तापमान हा फरक यायलाच हवा.

भिंगांच्या भागासाठी मात्र हा संच विकत घेण्याजोगा आहे. एकाच आकड्यांवर दोन उदाहरणं पाठोपाठ दिली आहेत. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर, उंची ५ सेंमी. त्याखाली तेच आकडे, फक्त भिंग अंतर्वक्र. पहिल्यात प्रतिमा ६० सेंमीवर, वास्तव, उलटी, १० सेंमी उंच. दुसऱ्यात प्रतिमा वस्तूच्याच बाजूला १२ सेंमीवर, आभासी, सुलटी, २ सेंमी उंच. जोडी अशीच का निवडली ते चिन्ह चुकलं की कळतं. बहिर्वक्र भिंगाच्या उदाहरणात वस्तूचं अंतर उणे ३० ऐवजी अधिक ३० घातलं तर १/२० + १/३० = १/१२ होऊन १२ सेंमी येतात. म्हणजे दुसऱ्या उदाहरणाच्या उत्तरातला आकडा पहिल्यात उगवतो आणि चूक आपोआप उघडी पडते. असा आकडा आला की मुलानं एकच गोष्ट आठवावी : बहिर्वक्र भिंगानं समोरच्या वस्तूची वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत कधीच पडत नाही. १२ हे २० पेक्षा कमी आहे, म्हणजे चिन्ह चुकलं.

भिंगाच्या शक्तीच्या (१ भागिले मीटरमधलं नाभीय अंतर) उदाहरणांत संचानं दर वेळी नाभीय अंतर सेंटिमीटरमध्येच दिलं आहे, तेही योग्यच केलं आहे. २० सेंमी म्हणजे ०.२ मीटर, शक्ती अधिक ५ डायॉप्टर. १ भागिले २० करून ०.०५ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. चष्म्याच्या दुकानात ०.०५ नंबर कुणी देत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी ही चूक थांबते. दूरदृष्टिताचं एक उदाहरण आहे : निकटबिंदू (स्पष्ट दिसणारा सगळ्यात जवळचा बिंदू) ५० सेंमीवर गेला आहे, २५ सेंमीवरचं वाचायचं आहे, तर भिंग कोणतं? इथे पुस्तक २५ सेंमीवर आणि त्याची आभासी प्रतिमा ५० सेंमीवर, दोन्ही अंतरं उणे. नाभीय अंतर अधिक ५० सेंमी, शक्ती अधिक २ डायॉप्टर. सूचीत उत्तर बरोबर आहे, पण मधली एकही पायरी नाही. पहिल्यांदा हा प्रकार करणाऱ्या मुलाला नुसत्या उत्तराचा काहीच उपयोग होत नाही.

अपवर्तनात एकच प्रश्न वेगळा काढून दाखवण्यासारखा आहे. भांड्यात खाली पाणी, वर रॉकेल. रॉकेलमधून पाण्यात तिरपा जाणारा किरण स्तंभिकेकडे (पृष्ठभागाला काढलेल्या लंबाकडे) झुकेल की दूर जाईल? रॉकेल पाण्यावर तरंगतं, म्हणून ते विरळ माध्यम, असं समजून मुलं 'स्तंभिकेकडे' लिहितात. रॉकेलचा अपवर्तनांक सुमारे १.४४, पाण्याचा १.३३. वजनाला हलकं असलं तरी प्रकाशासाठी रॉकेल घन माध्यम आहे, म्हणून किरण दूर जातो. प्रश्न उत्तम, उत्तरही बरोबर. काचेच्या चिपेच्या आकृत्या मात्र फिकट छापल्या आहेत. निर्गत किरण आपाती किरणाला समांतर असतो, पण काही आकृत्यांत ते समांतर दिसतच नाहीत. त्या संचात बघून न काढता पट्टीनं स्वतः काढाव्यात.

विद्युतधारेच्या प्रकरणात उदाहरणं चांगली आहेत, आकृत्या कच्च्या. २२० व्होल्टवर चालणारी ११०० वॉटची किटली, २ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला किती वेळ, हे उदाहरण दोन प्रकरणं एकत्र बांधतं. धारा ५ अँपिअर, रोध ४४ ओहम. पाण्याला लागणारी उष्णता २००० गुणिले ७५, म्हणजे १,५०,००० कॅलरी. तिला ४.१८ नं गुणलं की ६,२७,००० ज्यूल. भागिले ११००, म्हणजे ५७० सेकंद, साडेनऊ मिनिटं. दोन ठिकाणी हमखास गडबड होते. कॅलरी ज्यूलमध्ये बदलायची राहते आणि १३६ सेकंद असं अशक्य उत्तर येतं, किंवा ज्यूलच्या नियमात वेळ मिनिटांतच घातला जातो. दोन लिटर पाणी सव्वादोन मिनिटांत उकळत नाही, हे घरात रोज दिसतं. उत्तर आल्यावर तेवढा विचार करायचा. (साताऱ्याच्या उंचीवर पाणी १०० च्या दोनेक अंश आधीच उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ च्या आसपास. परीक्षेत वेगळं काही सांगितलं नसेल तर १०० च धरावं.)

विद्युत मोटरच्या आकृतीतली चूक गंभीर आहे. दोन अर्धी कडी हवीत तिथे दोन सलग कडी काढली आहेत. ती प्रत्यावर्ती धारा देणाऱ्या जनित्राची. सलग कड्यांनी दिष्ट धारेच्या मोटरमधल्या कुंडलातली धारा अर्ध्या फेरीनंतर उलटत नाही, आणि कुंडल सतत एकाच दिशेनं फिरण्याऐवजी मागेपुढे हेलकावून थांबतं. संच घेतला की पेन्सिलनं त्या कड्यांत फट काढून घ्या. ब्रश त्या अर्ध्या कड्यांना बाहेरून टेकलेले दिसले पाहिजेत. कोयनेच्या वीजकेंद्रावर आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर एक-एक प्रश्न आहे : यंत्रात कोणतं ऊर्जारूपांतर होतं आणि प्रवर्तित धारेची दिशा कोणत्या हाताच्या नियमानं काढायची. उत्तर उजव्या हाताचं, सूचीतही तेच. सोपी खूण अशी : धारा देऊन गती मिळवायची तर डावा हात, गती देऊन धारा मिळवायची तर उजवा. दोन्हींत तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधलं बोट धारेचं, अंगठा हालचालीचा, आणि तिन्ही एकमेकांना काटकोनात.

गुरुत्वाकर्षणातली मालिका नेटकी आहे. पृथ्वीवर ९० न्यूटन वजनाची वस्तू पृष्ठभागापासून त्रिज्येच्या अर्ध्या उंचीवर, एका त्रिज्येवर, दोन त्रिज्यांवर नेली तर वजन किती? ४०, २२.५ आणि १० न्यूटन. अंतर पृष्ठभागापासून नव्हे, केंद्रापासून मोजायचं, हे या तीन ओळींत पक्कं होतं. त्याच पानावर सातारा आणि महाबळेश्वरच्या वजनाचा प्रश्न आहे आणि सूचीत 'महाबळेश्वरला वजन बरेच कमी भरेल' असं उत्तर आहे. 'बरेच' हा शब्द चूक. उंचीतला फरक ६४० मीटर धरा, पृथ्वीची त्रिज्या ६४०० किमी. गुरुत्व त्वरण साधारण दहा हजारांत दोन भागांनी कमी होतं. ६०० न्यूटन वजनाच्या माणसाचं वजन ०.१२ न्यूटननं घटतं, म्हणजे १२ ग्रॅमच्या वजनाइतकं. घरातल्या वजनकाट्यावर ते दिसणारही नाही. आणि एका उत्तरात वजन किलोग्रॅममध्ये दिलं आहे, ते न्यूटनमध्ये करून घ्या. एककासाठी गेलेला अर्धा गुण विनाकारण जातो.

अवकाश मोहिमांचा भाग पाच पानांत उरकला आहे. क्रांतिक वेगाची (उपग्रह कक्षेत फिरत राहायला लागणाऱ्या वेगाची) दोन उदाहरणं आणि उपग्रहांच्या कक्षांचा तक्ता, बस्स. तक्ता बरोबर आहे, उदाहरणं कमी पडतात.

चार सराव प्रश्नपत्रिकांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. त्या ४० गुणांच्या आणि दोन तासांच्या आहेत, पण सगळ्या ४० गुणांना भौतिकशास्त्रच आहे. मंडळाच्या भाग १ च्या प्रश्नपत्रिकेत रसायनशास्त्राची प्रकरणंही असतात, त्यामुळे या पत्रिकांवरून गुणांचा अंदाज बांधू नका. वेळेच्या सरावाला त्या चालतील. १२० मिनिटं आणि ४० गुण म्हणजे गुणामागे ३ मिनिटं, तीन गुणांच्या उदाहरणाला जास्तीत जास्त ९. घड्याळ लावून पत्रिकेतला फक्त तिसरा प्रश्न सोडवा, सातातले पाच, १५ गुण, ४५ मिनिटं. सूत्र, किमती घालून मांडणी, उत्तर एककासह, अशा तीन ओळी वेगवेगळ्या लिहूनही तेवढ्या वेळात बसतंय का ते बघा. बसत नसेल तर बहुधा वेळ आकडेमोडीत जात नाही, कोणती पाच उदाहरणं घ्यायची ते ठरवण्यात जातो. सोडवायला बसण्याआधी दोन मिनिटं साती प्रश्न वाचून दोन सोडून द्यायची सवय या पत्रिकांवर लावता येते.