पद्मिनीच्या गंजावरची औषधं: कशावर पैसे घालावेत, कशावर नाही

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फिएट 1100, म्हणजे पुढची पद्मिनी, इंजिनाच्या बाबतीत फारशी कटकट करत नाही. 1089 सीसीचं ते इंजिन कुठलाही जुना मिस्त्री आजही सहज खोलतो. गाडी भंगारात जाते ती पत्र्यामुळे, आणि त्यातही मूळ गंजापेक्षा त्या गंजावर आधी कुणीतरी केलेल्या घाईच्या पत्राकामामुळे. त्यासाठी बाजारात सहा प्रकारचा माल मिळतो: रस्ट कन्व्हर्टर, गंजावर मारायचं कोटिंग, एपॉक्सी प्रायमर, पॉलिएस्टर पुट्टी, पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट आणि पोकळ भागांत आतून फवारायचं कॅव्हिटी वॅक्स. मुंबई-कोकणच्या हवेत पद्मिनीच्या बॉडीवर यातलं काय टिकतं आणि काय पहिल्याच पावसाळ्यात उघडं पडतं, ते इथे लिहितो आहे.

आधी गाडीचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्यायला हवं. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. दरवाज्यांखालची पोकळ सिल, फ्लोअर आणि मागचे पाटे जिथे टांगलेले असतात तो भाग, यांच्यावर सगळा भार येतो. त्यामुळे मडगार्डचा गंज आणि सिलचा गंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मडगार्डला भोक पडलं तर गाडी वाईट दिसते, सिल सडली तर गाडी मधून खचते. तपासणी सोपी आहे. सपाट जागेवर चारही दरवाजे लावून बघायचे. मग जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून सिलच्या मध्यावरून एक बाजू थोडी उचलायची आणि त्या बाजूचे दरवाजे पुन्हा लावून बघायचे. दरवाजा घासला, अडकला किंवा त्याची फट बदलली, तर त्या गाडीसाठी बाटली विकत घेऊ नका, आधी चांगला वेल्डर शोधा.

पुट्टी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत लांबी, कुठे आणि किती भरली आहे हे कळायला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बऱ्यापैकी पुरतं. दरवाज्याचा खालचा वीतभर भाग, मागच्या चाकावरची कमान, हेडलाइटभोवतीचा पत्रा आणि डिकीच्या झाकणाची खालची कड इथे ते फिरवायचं. जिथे चुंबक घसरतं तिथे पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर आणखी चांगलं. कारखान्यातला रंग सहसा 200 मायक्रॉनच्या आत असतो, एकदा वरून रंग मारलेला असेल तर आकडा साधारण 300 च्या घरात जातो, आणि 1000 च्या पुढे गेला की खाली हमखास लांबी आहे. यंत्र घेताना ते किमान 2000 मायक्रॉनपर्यंत मोजणारं घ्या.

एखादी जुनी, ‘रिपेअर’ केलेली सिल ग्राइंडरने उघडली की आत साधारण हे दिसतं. वर चकचकीत रंग. त्याखाली बोटभर जाडीची पुट्टी, आणि ती सुटताना अखंड वडीसारखी सुटते, कारण तिची पकड पत्र्यावर नव्हतीच, गंजावर होती. तिच्यामागे फायबरची जाळी किंवा नुसता कोंबलेला कागद. मग पॉप रिव्हेटने ठोकलेला अॅल्युमिनियमचा तुकडा. आणि सगळ्यात आत मूळ पत्रा, ज्याचे खारीसारखे पापुद्रे हाताने निघतात. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगतो आणि वरचं सगळं ढकलून देतो. अॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये खारट ओल शिरली की अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि ठिगळामागचा ओला पत्रा सडत राहतो. त्यात पुट्टी भरताना सिलच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवली असतील तर पाणी आतल्या आत मुरतं. बाहेरून वर्षभर काही दिसत नाही.

आता माल. सगळ्यात जास्त खपतं ते रस्ट कन्व्हर्टर, आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जातं तेही तेच. टॅनिक अॅसिडवाला प्रकार गंजाचं काळ्या-निळ्या थरात रूपांतर करतो, फॉस्फोरिक अॅसिडवाला गंजाचं फॉस्फेट बनवतो. दोन्ही आपलं काम प्रामाणिकपणे करतात, पण फक्त तेवढ्याच जाडीवर जिथवर ते भिजतात. पापुद्रे असलेल्या गंजावर मारलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खाली लाल गंज तसाच चालू राहतो. म्हणून तार ब्रश आणि ग्राइंडरने सुटा गंज पूर्ण काढायचा, नितळ पत्र्यावर फक्त बारीक खड्ड्यांत गंज उरला पाहिजे, आणि तिथेच हे लावायचं. समुद्राकाठच्या गाडीत आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, कारण खड्ड्यात क्षार राहिले तर कुठलंही कन्व्हर्टर टिकत नाही. फॉस्फोरिकवाल्याची आणखी एक अडचण: ते पत्र्यावर वाळू द्यायचं नाही. वाळलं तर त्याच द्रवाने पुन्हा ओलं करून पाण्याने स्वच्छ धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं. अॅसिडचा अंश राहिला की वरचं एपॉक्सी नीट पकडत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत सालपटासारखं निघतं. माझं मत: जाड पत्र्यावर, सस्पेन्शनच्या भागांवर, हँगरच्या ब्रॅकेटवर जरूर वापरा. भोक पडलेल्या किंवा स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर दबणाऱ्या पत्र्यावर वापरणं म्हणजे रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

पीओआर-15 सारखी कोटिंगं थोडी वेगळी. हे ओलावा शोषून घट्ट होणारं युरेथेन आहे, म्हणजे आपल्या दमट हवेत ते उलट लवकर कडक होतं. फ्लोअरच्या खालच्या बाजूला आणि बॅटरीच्या ट्रेला त्याचा थर खरोखर दगडासारखा बसतो. मर्यादा तीन. ते खडबडीत पृष्ठभाग मागतं, नितळ चकचकीत पत्र्यावर धड धरत नाही. ऊन लागलं की फिकं पडतं, त्यामुळे उघड्या भागावर वरून दुसरा रंग लागतोच. आणि उघडलेला डबा फार टिकत नाही. काठावर थेंब राहिला तर झाकण डब्यालाच चिकटतं, आणि आत दमट हवा गेली की उरलेला माल घट्ट होतो. म्हणून लहान डबे घ्यायचे, लागेल तेवढं वाटीत काढून डबा लगेच बंद करायचा, आणि हातमोजे आधीच घालायचे, कारण कातडीवर वाळलेला डाग आठवडाभर जात नाही.

भोक असेल तिथे पत्रा कापून नवा पत्रा बसवणं याला पर्याय नाही. गॅस वेल्डिंगने बाहेरचे पॅनल तापून लाटा येतात आणि त्या लपवायला पुन्हा लांबी लागते. त्यामुळे मिग वेल्डिंग (बारीक तार पुरवत जाणारं विजेचं वेल्डिंग) असलेला कारागीर निवडा, 0.6 किंवा 0.8 मिमीची तार. बाहेरच्या पॅनलला 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिमी, सिलच्या आतल्या भागाला आणि फ्लोअरच्या आडव्या पट्ट्यांना 18 गेज म्हणजे 1.2 मिमी सीआरसी (कोल्ड-रोल्ड) पत्रा. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, गंजक्या कडेला टाका मारायचा नाही. बाहेरच्या पॅनलवर ठिगळ वर चढवायचं नाही, कडेला कड भिडवून सुमारे एक मिलिमीटर फट ठेवायची. टाके एकापाठोपाठ एक नाहीत, एक इथे, पुढचा वीतभर लांब, आणि मधला पत्रा हात लावण्याइतका गार झाला की पुढचा. सिल कापताना गाडी चाकांवर किंवा अॅक्सलखालच्या स्टँडवर उभी हवी, दरवाज्याच्या चौकटीत लोखंडी टेकू जोडलेला हवा, आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापल्या तर बॉडी वाकते आणि दरवाजे पुढे कधीच जागेवर बसत नाहीत. पेट्रोलची टाकी काढणं, बॅटरी सोडणं, सीट-गालिचा बाहेर घेणं, हे विचारावंही लागू नये. कारागिराने ते आपणहून सुचवलं नाही तर दुसरा कारागीर बघा. काम झाल्यावर ठिगळाची मागची बाजू दाखवायला सांगा, प्रायमर मारण्याआधी. समोरून सगळ्यांचंच काम चांगलं दिसतं.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त भरवसा दोन भागांच्या एपॉक्सी प्रायमरवर आहे. रेड ऑक्साइड किंवा राखाडी सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, सच्छिद्र असतो, त्यातून ओल पत्र्यापर्यंत पोचते. कित्येक गाड्या सरफेसर मारून जुलै-ऑगस्ट गॅरेजबाहेर उभ्या राहतात आणि नवीन पत्रा रंगाआधीच खालून गंजतो. एपॉक्सी ओल अडवतं. पण त्याच्या अटी पाळायला हव्यात. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच, मापाच्या कपात मोजून. मिसळल्यावर डब्यावर सांगितलं असेल तितका वेळ थांबून मग मारायचं. दोन हात. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर नाही, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश जास्त हवं, नाहीतर न दिसणाऱ्या ओलीवर आपण प्रायमर मारत असतो. मुंबईत उघडा केलेला पत्रा पावसाळ्यात काही तासांतच लालसर होतो. त्यामुळे एका दिवसात जेवढ्यावर एपॉक्सी मारून होईल तेवढाच भाग सकाळी उघडायचा. जमलं तर हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच काढा.

पुट्टीला लोक शिव्या देतात, पण पुट्टी वाईट नाही, तिला पत्र्याचं काम देणं वाईट. डॉली-हातोडीने पत्रा सरळ करून झाल्यावर उरलेल्या उंचसखलपणासाठी 2 ते 3 मिमीपर्यंत पॉलिएस्टर पुट्टी उत्तम काम देते. ती वाळलेल्या, 80 नंबरच्या पेपरने खरखरीत केलेल्या एपॉक्सीवर लावायची. अॅसिडवाल्या एच (etch) प्रायमरवर ती नीट घट्ट होत नाही. हार्डनर वजनाने 2 टक्के, म्हणजे 100 ग्रॅमला 2 ग्रॅम. मे महिन्याच्या उकाड्यात हाताशी चार-पाच मिनिटंच मिळतात, म्हणून गोळा लहान घ्यायचा, हार्डनर वाढवायचा नाही. जास्त हार्डनरचा डाग पुढे हलक्या रंगातून वर येतो आणि रंग पुन्हा मारावा लागतो.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक मात्र पाणी पेपर. पुट्टीत टाल्क असतो, तो पाणी पितो. ओल्या घासकामात प्यायलेलं ते पाणी रंगाखाली अडकतं आणि उन्हात फोड बनून वर येतं. पुट्टी नेहमी कोरडीच घासायची: 80, मग 120, मग 180, लांब लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. ओला पेपर चालतो तो त्यावरच्या टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, सरफेसरला, 400 ते 600 नंबरचा, सरफेसर पूर्ण वाळल्यावर. पेंटर म्हणाला की ‘आम्ही कायम पाण्यानेच घासतो’, तर कोरड्या घासकामाचे जादा पैसे द्या, पण ऐकू नका. धुळीसाठी त्याला चांगला मास्क द्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आणि टूके रंग फवारताना साधा कापडी मास्क अजिबात पुरत नाही, हार्डनरमधल्या आयसोसायनेटसाठी बाहेरची हवा पुरवणारा मास्कच लागतो. गाडीसाठी कारागिराची फुप्फुसं खर्ची घालू नयेत.

जुन्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर थेट टूके मारून पैसे वाचवायचा मोह होतो. थिनर खालचा रंग उचलतो, सुरकुत्या पडतात. पूर्ण काढा.

जोडांवर पीयू सीलंट, एपॉक्सी वाळल्यावर. 310 मिलीची नळी 5 मिमी जाडीच्या धारेने साधारण 15 मीटर चालते, त्यामुळे पद्मिनीच्या फ्लोअर, डिकी आणि चाकांच्या कमानींसाठी दोन-तीन नळ्या धरा. बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना अॅसिड सोडतं आणि त्यावर रंगही बसत नाही. खालून डांबरी अंडरकोटिंग मारून देणारे बरेच आहेत. एपॉक्सीवर मारलं तर ठीक, जुन्या गंजावर मारलं तर नुकसान, कारण काही वर्षांत ते कडक होऊन तडकतं आणि आत शिरलेलं पाणी मग धरून ठेवतं.

शेवटी वॅक्स, आणि त्यावर कंजुषी नको. वेल्डिंगने सिलची आतली बाजू जळालेली असते, तिथे ब्रश किंवा गन पोचत नाही. लांब लवचिक नळी आणि चहूबाजूंनी फवारणारं टोक असलेलं कॅव्हिटी वॅक्सच तिथे जातं. 500 मिलीचे चार कॅन धरून चाला: दोन सिलना दोन, चार दरवाज्यांना एक, फ्लोअरच्या पेट्यांना आणि डिकीच्या झाकणाला एक. नळी टोकापर्यंत घालायची आणि फवारत सावकाश मागे ओढायची. रंगकाम पूर्ण झाल्यावरच, कारण वॅक्सवर पुन्हा वेल्डिंग करायचं म्हटलं तर आग लागते. उन्हाळ्यात दोन-चार दिवस खाली थेंब पडतात, ते चांगलं लक्षण आहे, वॅक्स जोडापर्यंत पोचलं आहे. त्याऐवजी जुनं इंजिन ऑइल फवारायची पद्धत सोडून द्या. ते रबरी बुश आणि दरवाज्याची रबरं फुगवतं आणि पुढे कधी रंगकाम निघालं तर रंग बसू देत नाही.

एक सरकारी बाब. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी किंवा बॉडीत बदल केलेले नसावेत अशी अट आहे. म्हणून मूळ आकाराचाच पत्रा लावा, कामाआधीचे आणि मधले फोटो ठेवा, आणि चासी नंबर ठोकलेल्या जागेच्या आसपास ग्राइंडर नेऊ देऊ नका.

पहिल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा सिलच्या आणि दरवाज्यांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करा. आधी दरवाज्याच्या काचेवर बाटलीभर पाणी ओता आणि खाली बघा. तेवढंच पाणी अर्ध्या मिनिटात दरवाज्याच्या तळाशी टपकलं पाहिजे. टपकलं नाही तर आतली पट्टी उघडून वॅक्स कुठे साचलंय ते त्याच दिवशी बघा.