लॉइड्स रजिस्टर ऑफ यॉट्स: जुन्या लाकडी मोटरसेलरचे मालक शोधताना

ब्रिटिश बनावटीची जुनी लाकडी मोटरसेलर (शिडं आणि इंजिन दोन्हींवर चालणारी बोट) कोणाकोणाच्या हातातून गेली हे शोधायचं असेल, तर सुरुवात ‘लॉइड्स रजिस्टर ऑफ यॉट्स’ या यॉट, म्हणजे खासगी सफरीच्या बोटींच्या छापील सूचीपासून करावी. 1878 ते 1980 या काळात निघालेले हे खंड आता स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेले आहेत आणि फुकट वाचता येतात. मागोवा घ्यायला याला तोड नाही. मात्र हा मालकीचा पुरावा नव्हे, आणि खरेदीच्या घाईत नेमकं तेच विसरलं जातं.

एकेका बोटीच्या नोंदीत केवढं तरी ठासून भरलेलं असतं: आधीची नावं, ऑफिशियल नंबर (सरकारी नोंदणीचा क्रमांक), शिडांची मांडणी, टनेज (टनांत सांगितलेलं आकारमान, वजन नव्हे), मापं, डिझायनर, बोट बांधणारा यार्ड, बांधणीचं साल, मालक, बंदर, इंजिन. मागच्या पानांत मालकांचे पत्ते आणि बदललेल्या नावांची वेगळी सूची. माझ्या मते सगळ्यात मोलाची ही सूचीच.

शोध शेवटच्या खंडापासून मागे न्यावा. नाव बदललं तरी ऑफिशियल नंबर बदलत नाही. लाकडी बोटीत तो टनेजसह मुख्य तुळईवर कोरलेला असतो. रंगाच्या थरांखाली आकडे बुजतात. टॉर्च तुळईला लागून तिरपी धरली की त्यांच्या कडा उठून दिसतात. तिथे घासकागद अजिबात लावू नये, उथळ कोरीवकाम कायमचं जातं.

नंबरच नसेल तर थेम्स टनेज, म्हणजे यॉटच्या लांबी-रुंदीवरून काढलेलं टनेज, कामी येतं. फुटांतल्या लांबीतून रुंदी वजा करायची, उरलेल्याला रुंदीने आणि मग निम्म्या रुंदीने गुणायचं, 94 ने भागायचं. 45 फूट लांब, 14 फूट रुंद बोट साधारण 32 टन भरते. लांबी नाळेपासून मागच्या खांबापर्यंतच धरायची, पुढे आलेली काठी मोजली की हिशोब चुकलाच. शिडांवरून ओळख पटवू नये, ती बदलली जातात. इंजिनही तसंच. स्कॉटलंडमधल्या सेंट मोनन्सच्या मिलर यार्डच्या ‘फायफर’सारख्या, एकसारख्या दिसणाऱ्या बोटींत तर नुसती मापंही पुरत नाहीत.

उणिवा आहेत. माहिती बरीचशी मालकांनीच कळवलेली, त्यामुळे बोट विकल्यानंतरही जुन्याच मालकाचं नाव पुढच्या खंडात राहू शकतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खंड निघालेच नाहीत, म्हणजे त्या वर्षांतलं हस्तांतर इथे सापडत नाही. बारीक छपाईमुळे संगणकी शोधात 3 चा 8 होतो. अक्षरक्रमाने पानं उलटणं जास्त भरवशाचं.

मालकी पक्की करायची ती ब्रिटिश सरकारी जहाज-नोंदणीतल्या ‘पार्ट वन’ या विभागाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावरून. तिथे बोटीचे 64 हिस्से धरतात, प्रत्येक खरेदीखत आणि गहाणाचा बोजा नोंदवतात. 1994 पासून हे काम वेल्समधल्या कार्डिफला एकवटलं आहे. त्याआधी ते बंदरोबंदरी चालायचं. बंद झालेल्या जुन्या नोंदींसाठी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हज या सरकारी अभिलेखागारातली ‘बीटी 110’ ही कागदपत्रांची मालिका पाहावी. विकणाऱ्याने नुसता ‘पार्ट थ्री’चा, म्हणजे छोट्या बोटींच्या नोंदणीचा कागद पुढे केला, तर थांबावं. त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, बोजाही कळत नाही. मूळ खरेदीखतं मागावीत आणि त्यावरची नावं, तारखा रजिस्टरच्या एकेका सालाशी ताडून पाहाव्यात.